तो आणि तो तिकडचा

गोर्ना स्लिवा गावातल्या बायका नवऱ्याचं नाव घेत ते डॉक्टरसमोर, नाहीतर सरकारी कागदावर. एरवी नुसतं 'तो'. 'तो अजून आला नाही.' 'त्याला कोबी चालत नाही.' 'त्यानं काल कौलं चाळली.' पाणवठ्यावर पाच जणी जमल्या आणि पाचही जणींचं 'तो, तो' सुरू झालं, तरी एकीच्या 'तो'ची दुसरीच्या 'तो'शी गल्लत होत नसे. त्सोना मात्र म्लादेनबद्दल बोलताना 'तो तिकडचा' म्हणे. 'तो तिकडचा आरागिरणीवर गेलाय.' 'त्या तिकडच्याचे बूट फाटलेत.' लग्नाला वीस वर्षं झाली होती. तिची ही लकब ना कधी कुणाच्या ध्यानात आली, ना तिच्या स्वतःच्या.

तसा म्लादेन वाईट माणूस नव्हता. अबोल होता, अंगाला कायम पाइनच्या राळेचा वास, आणि पगाराच्या दिवशीसुद्धा गुत्त्यात दोनच पेले. दान्काच्या जन्माच्या वेळी रस्ता बर्फानं बंद झाला, तेव्हा लाकडं ओढायच्या घसरगाडीवर त्सोनाला निजवून, वर दोन गोधड्या आणि आपला कोट टाकून, त्यानं एकट्यानं ती गाडी नऊ किलोमीटर ओढत दवाखान्यापर्यंत नेली होती. सप्टेंबरात घरोघरी मिरच्या भाजायचं काम निघालं की तो बायकोशेजारी बसून त्या सोलायचा. बाकीचे पुरुष कुंपणावरून चिडवायचे, "म्लादेन, आता ओढणी पण बांध डोक्याला!" तो वर न बघता म्हणायचा, "बांधतो. आधी तुझ्या बायकोची आण."

सदुसष्टच्या ऑगस्टमध्ये सोफियाहून एमिलिया नावाच्या प्राध्यापक बाई चार विद्यार्थी आणि एक टेपरेकॉर्डर घेऊन गावात आल्या. टेपरेकॉर्डर ट्रंकेएवढा, आणि उचलायला दोघं लागायचे. त्यांना गावाचं बोलणं हवं होतं. कोण कुणाला काय म्हणतं, मोठ्यांना कसं, लहानांना कसं, रागात कसं, लाडात कसं. गावकऱ्यांना आधी वाटलं ही कसली तरी तपासणी आहे. म्हणून पहिले दोन दिवस सगळे वर्तमानपत्रासारखं बोलले. मग बाईंना कुणीतरी सांगितलं, त्सोनाकडे जा, ती चार यत्ता शिकलीय आणि तालुक्याच्या गावीही वर्षातून एकदाच जाते, तिचं बोलणं अजून बाटलेलं नाही.

त्सोनाच्या अंगणात त्या दिवशी हंगामातल्या पहिल्या मिरच्या पत्र्यावर भाजत होत्या. एमिलियाबाई आल्या, बुटका स्टूल ओढून बसल्या आणि न विचारता मिरच्या सोलू लागल्या. बोटं पोळली, तरी थांबल्या नाहीत. तीन दिवस रोज येत राहिल्या.

"तुम्ही बोला, त्सोनाताई," बाई म्हणायच्या. "काहीही बोला. मला नावं नकोत, तारखा नकोत. नुसतं बोला."

त्सोनाला तोवर 'तुम्ही' कुणी म्हटलं नव्हतं. तो शब्द गावात डॉक्टरला, सरपंचाला आणि मास्तरांना. घराघरांत सगळं 'तू'. नवरा बायकोला तू, पोर बापाला तू, सून सासूलाही तू. आणि इथं शहरातली, चष्मा लावणारी बाई मिरच्यांच्या राखेत बसून तिला 'तुम्ही' म्हणत होती, आणि ती बोलेल ते ऐकत होती. त्सोनाचं बोलणं आजवर कुणी ऐकून घेतलं नव्हतं. कामापुरतं विचारायचे, कामापुरतं सांगायची.

पहिल्या दिवशी ती शेळ्यांबद्दल बोलली. दुसऱ्या दिवशी सासूच्या मरणाबद्दल. तिसऱ्या दिवशी टेपचं चक्र फिरतंय की नाही याचाही तिला विसर पडला. ती कशावरून तरी प्लम सुकवण्याच्या भट्टीवर आली. सेहेचाळीस सालची गोष्ट, ती वीस वर्षांची. प्लमचं पीक अमाप आलेलं, आणि भट्टीतला विस्तव विझू नये म्हणून आळीपाळीनं माणसं बसवलेली. तिच्या पाळीला अकरा दिवस तिच्याबरोबर एक मुलगा होता. दोघांनी मिळून लाकडं सारली, फळ्या फिरवल्या, वाफेनं डोळे चुरचुरले की एकमेकांना हसले. एवढंच. हात धरणंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी वडलांनी म्लादेनशी लग्न लावून दिलं. तो मुलगा पुढं दुधाच्या कामाला लागला. ती हे सगळं सांगत होती, आणि नाव कुणाचंच घेत नव्हती. नाव घेत नाही म्हणजे आपण काहीच सांगत नाही, असं तिला वाटत होतं.

चार वर्षं गेली. एकाहत्तरच्या मे महिन्यात वाचनघराच्या पत्त्यावर एक पार्सल आलं. आत जाड पुस्तक, लोकांच्या बोलण्यातली सर्वनामं आणि त्यांच्या छटा यांवरचं. पहिल्या पानावर एमिलियाबाईंच्या हातचं, 'गोर्ना स्लिवाच्या माणसांना, कृतज्ञतेनं.' वाचनघर सांभाळणारी झ्लाता ते पुस्तक छातीशी धरून सरपंचाकडे धावली. सरपंचाला सर्वनाम म्हणजे नक्की काय ते ठाऊक नव्हतं. पण गावाचं नाव छापून आलंय म्हटल्यावर त्यानं रविवारी सकाळी वाचनघरात समारंभ ठरवला. टेबलावर लाल कापड अंथरलं, पिवळी ट्यूलिप ठेवली, प्रत्येक घरातून निदान एक माणूस यावं असा निरोप फिरला.

साठेक माणसं आली. त्सोना नवा स्वेटर घालून आली होती. म्लादेन शेजारी, मांडीवर टोपी. सतरा वर्षांची दान्का मैत्रिणींबरोबर मागं खिडकीत. दूध गोळा करणारा गाचो बायकोसकट तिसऱ्या रांगेत.

झ्लातानं आपल्या गावाच्या उताऱ्यांच्या पानांत आधीच कागदाचे तुकडे घालून ठेवले होते. पण उतारे वाचले नव्हते, वेळच मिळाला नव्हता. ती उभी राहिली आणि मोठ्यानं वाचू लागली. पहिला उतारा एका म्हातारीचा होता. ती एकटीच राहायची, तरी 'आम्ही जेवलो, आम्ही निजलो' म्हणायची. पुस्तकात लिहिलं होतं की हे एकटेपण झाकणारं 'आम्ही' आहे. लोक हसले. म्हातारी पुढंच बसली होती, तीही हसली, "अगं, आम्ही म्हणजे मी आणि मांजर!" पुढचा एका मेंढपाळाचा, जो आपल्या गाढवाला 'तुम्ही' म्हणे, कारण त्याच्या मते आख्ख्या गावात तेवढा एकच मानाचा होता. त्यावर हशा इतका झाला की सरपंचानं टेबलावर थाप मारली, आणि मग तोही हसत सुटला. पुस्तकात आपण आहोत, आणि तेही असे, याची सगळ्यांना गंमत वाटत होती. त्सोनालाही वाटत होती. आपल्या शेळ्यांचं काहीतरी छापलं असेल, एवढीच तिची आशा.

"पान एकशे बारा," झ्लाता म्हणाली. "त्सो. म्ला., एक्केचाळीस वर्षं, गोर्ना स्लिवा."

"त्सोना म्लादेनची!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि टाळ्या पडल्या.

झ्लाता वाचू लागली. "'तो तिकडचा चांगला आहे. हात नाही उगारला कधी माझ्यावर. बूट आणले, घर बांधलं. त्या तिकडच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सकाळी किटल्या वाजतात ना खाली, तेव्हा मला कळतं, तो आला. मी दारात जात नाही. किटली पायरीवर ठेवून देते, आणि आत उभी राहते. तो खोकतो, झाकण लावतो, जातो. मग माझा दिवस सुरू होतो.'"

झ्लाताचा आवाज मध्येच बारीक झाला. पण शाळेत शिकलेलं वाचन, मध्ये थांबायची सवय नाही. खालचं स्पष्टीकरणही तिनं वाचून टाकलं. "'बोलणारी व्यक्ती पतीसाठी दूरचं दर्शक सर्वनाम वापरते, जणू हात लांब करून त्याला पलीकडे ठेवते. उलट, साधं 'तो' ती कसलीही ओळख न देता वापरते. कारण तिच्या लेखी 'तो' एकच आहे. एकही नाव न घेता, स्वतःच्याही नकळत, तिनं आपल्या मनाचा नकाशा काढून दाखवला आहे.'"

कुणी हसलं नाही. मग एकेक मान तिसऱ्या रांगेकडे वळू लागली. गावात सकाळी किटल्या वाजवत जाणारा माणूस एकच होता.

गाचोचे कान लाल झाले. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग लोकांकडे, आणि मोठ्यानं म्हणाला, "अरे, दूध तर मी सगळ्यांच्याच दारातून नेतो! सगळ्याच बायका खोकला ऐकतात की काय माझा?"

तेव्हा हशा फुटला. आधीच्या दोन्ही हशांपेक्षा मोठा. बाकं हलली. म्हातारीही हसली, सरपंचही हसला. दान्का खिडकीतून उठून बाहेर निघून गेली. त्सोना हात मांडीवर ठेवून बसली होती. नव्या स्वेटरच्या बाहीतला एक धागा निघाला होता, त्याच्याकडे बघत.

म्लादेन उठला. टोपी घातली. दारापर्यंत गेला, दार उघडून धरलं आणि म्हणाला, "चला. तुम्ही आधी चला."

हे ऐकून लोक पुन्हा हसले. त्यांना वाटलं, म्लादेनलाही गंमत करता येते.

दोघं घरी आली. फाटकापाशी त्यानं कडी काढली आणि बाजूला उभा राहिला, पाहुण्याला वाट द्यावी तसा.

"म्लादेन," त्सोना म्हणाली, "काही नव्हतं रे. भट्टीवर होतो, लाकडं सारत होतो. अकरा दिवस. तेवढंच."

"अकरा दिवस," म्लादेन म्हणाला. "आणि माझी चोवीस वर्षं. तुम्ही विसरलात, मी मोजतोय."

"मला शिवी दे. मार हवं तर. पण 'तुम्ही' नको म्हणूस."

"परक्या बाईला शिव्या देत नाहीत."

त्सोनाला वाटलं, आठ दिवसांत राग उतरेल. प्लमला मोहर असताना म्लादेन भांडला तर फळ धरेपर्यंत विसरायचा. ह्या वेळी प्लम पिकले, उतरले, दारूची भट्टी लागली, आणि तो म्हणत होता, "तुम्ही मीठ घातलं नाहीत." "तुमच्या शेळीला वैरण टाकली आहे." "तुम्हाला तालुक्याहून काही आणायचं आहे का?" आवाज चढायचा नाही. कामं सगळी करायचा. लाकडं फोडायचा, पंप दुरुस्त करायचा, मिरच्यासुद्धा सोलायला बसायचा. त्याच बुटक्या स्टुलावर, तेवढ्याच अंतरावर. फक्त तो बाहेरच्या उन्हाळी स्वयंपाकघरात निजू लागला, आणि हिवाळ्यात तिथं चूल पेटवून घेतली.

गावाला महिनाभर मजा आली. पोरं कुंपणाशी येऊन ओरडायची, "त्सोनाबाई, तुम्ही कशा आहात?" मग गावाचं लक्ष दुसरीकडे गेलं, सरपंचाच्या जावयानं सहकारी शेताचा ट्रॅक्टर नदीत घातला होता. म्लादेनचं लक्ष मात्र कुठंच गेलं नाही.

सप्टेंबरच्या एका सकाळी त्सोना किटली घेऊन स्वतः खाली गेली. चोवीस वर्षांत ती पहिल्यांदाच दुधाच्या गाडीपाशी उभी राहिली. गाचोनं इकडेतिकडे पाहिलं.

"हे बघ त्सोना, किटली कोपऱ्यावर ठेवत जा. मला बायको आहे, मुलं आहेत. घरी तुझ्या पायी नुसता तमाशा चाललाय."

"मी कुणाला काही सांगितलं नाही. भट्टीवरचं बोलत होते, सेहेचाळीसचं, नाव न घेता. त्या बाईनं लिहिलं."

"असेल. पण मला खरं सांग, भट्टीवर तू होतीस? सेहेचाळीसला? मला तर वाटतं पेना होती माझ्याबरोबर. ती जाडी, मागं प्लोवदिवला दिली ती." त्यानं कपाळ खाजवलं. खोटं बोलत नव्हता; खरोखरच आठवायचा प्रयत्न करत होता. "आता पंचवीस वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतंय!"

तो खोकला, झाकण लावलं आणि घोडा हाकला. त्सोना तिथंच उभी राहिली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. त्या संध्याकाळी शेळीची धार काढताना तिनं मनात 'तो' म्हणून पाहिलं, कुणाचा चेहरा येतो बघायला. कुणाचाच आला नाही. एक कोरडा शब्द, नुसता.

दान्का बारावीची परीक्षा देऊन प्लेवेनला मोज्यांच्या कारखान्यात लागली. जाताना तिनं आईला मिठी मारली नाही. "तू कुठल्या तरी बाईला सगळं सांगितलंस," ती म्हणाली, "आणि मला कधी एक शब्द नाही. मला शेळ्यांबद्दलसुद्धा नाही."

"तू विचारलं नाहीस गं."

"मला काय माहीत, तुला विचारावं लागतं म्हणून?"

 बस वळणाआड गेली तेव्हा म्लादेन म्हणाला, "तुम्हाला थंडी वाजत असेल. घरी जा."

चौऱ्याहत्तरच्या जुलैत एमिलियाबाई पुन्हा आल्या. आता केस कापलेले, टेपरेकॉर्डर हातात धरता येईल एवढा लहान. शाळेत सामान टाकलं आणि पहिल्यांदा त्सोनाच्याच फाटकाशी आल्या, सोफियाची मिठाई घेऊन. पुस्तकाचं फार कौतुक झालं होतं. दुसरी आवृत्ती निघायची होती.

"त्सोनाताई! तुमचं पान सगळ्यांच्या तोंडी आहे. मी वर्गात वाचते तेव्हा पोरं चिडीचूप बसतात."

त्सोनानं फाटक उघडलं नाही. "इथं सगळे हसले, बाई," ती म्हणाली, आणि मग जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. समारंभ, किटल्या, दान्का.

एमिलियाबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या खरोखरच चांगल्या बाई होत्या. त्यांना कळत नव्हतं एवढंच. "पण मी नाव नव्हतं लिहिलं," त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. "नुसती अक्षरं. हे शास्त्र आहे, ताई, यात कुणाला दुखवायचं नसतं. आणि ते किती सुंदर बोलला होतात तुम्ही! तुम्हाला ठाऊक नाही, किती सुंदर."

"सुंदर म्हणून बोलले नव्हते."

तेवढ्यात म्लादेन अंगणाच्या टोकाकडून शिडी घेऊन आला. बाईंकडे पाहून त्यानं टोपी उचलली, आणि त्सोनाला म्हणाला, "तुम्ही पाहुण्यांना उन्हात उभं केलंत. खुर्ची आणता का, की मी आणू?"

एमिलियाबाई थबकल्या. त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते त्सोनानं पाहिलं, आणि ते काय आहे हे तिला लगेच कळलं, कारण तीन दिवस मिरच्या सोलताना तिनं तेच पाहिलं होतं. तेव्हा तिला ती माया वाटली होती.

"हे तुम्हाला 'तुम्ही' म्हणतात?" बाई हळूच म्हणाल्या. "नवरा बायकोला? ह्या भागात मी कधीच ऐकलं नाही." त्यांचा हात पिशवीकडे गेला, मध्येच थांबला. लाज वाटली असावी. पण थांबलेला हात परत आला नाही, तिथंच राहिला.

"घ्या, वही काढा," त्सोना म्हणाली. "लिहा. गोर्ना स्लिवात नवरा बायकोला तुम्ही म्हणतो."

"आदरानं?"

"आदरानंच लिहा. तीन वर्षं झाली, एकदा चुकला नाही."

बाईंनी वही काढली नाही, निदान फाटकासमोर तरी. मिठाईचा डबा कुंपणाच्या खांबावर ठेवून, मान खाली घालून गेल्या. नंतर शाळेच्या पायरीवर बसून काहीतरी लिहिताना झ्लातानं त्यांना पाहिलं. दुसऱ्या आवृत्तीत ते आलं की नाही, गावाला कळलं नाही. वाचनघरात ती कुणी मागवलीच नाही.

वर्षं गेली. दान्कानं प्लेवेनलाच एका वेल्डरशी लग्न केलं. लग्नात बाप मुलीशी 'तू' बोलत होता, जावयाशी 'तू' बोलत होता, व्याह्याच्या गळ्यात पडून गात होता; आणि बायकोला म्हणाला, "तुमचं ताट गार होतंय." व्याही भला माणूस, त्याला वाटलं ही जुन्या घराण्याची रीत असेल. त्यानंही त्या दिवसापासून आपल्या बायकोला चारचौघांत 'तुम्ही' म्हणायला सुरुवात केली, आणि ती बाई त्यामुळे फार खूश झाली.

त्सोना मात्र नकळत बदलली. कधीपासून ते तिलाही सांगता आलं नसतं. पण पाणवठ्यावर, दुकानात, दान्काला लिहिलेल्या पत्रात ती म्लादेनला 'तो' म्हणू लागली. 'त्याला खोकला झालाय.' 'तो वर जंगलात गेलाय, अजून आला नाही, जीव थाऱ्यावर नाही माझा.' 'तिकडचा' गळून पडला होता. हे पहिल्यांदा झ्लाताच्या लक्षात आलं. त्या पानाचं ओझं तिच्या मनावरून कधी उतरलं नव्हतं. तिला भरून आलं. ती तडक आरागिरणीवर गेली आणि करवतीच्या आवाजात ओरडून म्लादेनला म्हणाली, "म्लादेनदादा, ऐकलंस का? ती आता तुला 'तो' म्हणते! नुसतं 'तो'! मी माझ्या कानांनी ऐकलंय."

म्लादेननं करवत बंद केली, फळीवरचा भुसा हातानं झाडला.

"बरं," तो म्हणाला. "पुस्तकात छापून आलं की सांग मला."

झ्लातानं हे त्सोनाला सांगितलं नाही. पण गिरणीवर सात माणसं होती. संध्याकाळपर्यंत तिला कळलंच.

त्यानंतर तिनं मनवायचं सोडलं. जे आहे ते असं आहे, म्हणून राहिली. सकाळी त्याच्या चुलीपाशी दह्याची वाटी आणि भाकरी ठेवायची. तो म्हणायचा, "आभारी आहे तुमचा." ती म्हणायची, "जेव." पूर्वीइतकाच धडधाकट 'तू', तिनं तो एक दिवसही बदलला नाही. कधी कधी तिला वाटे, आपणही त्याला तुम्ही म्हणावं, फिट्टंफाट होईल. पण जीभ वळत नसे.

नव्वदच्या फेब्रुवारीत म्लादेन अंगणात पडला. डावी बाजू गेली. सोफियाला सरकार बदललं होतं, दवाखान्यात औषधं नव्हती, डॉक्टर म्हणाला घरीच न्या. त्सोनानं त्याला उन्हाळी स्वयंपाकघरात परत जाऊ दिलं नाही; घरात, एकोणीस वर्षांनी, आपल्या पलंगावर घेतलं. त्याची जीभ जड झाली होती. तरी पहिल्या आठवड्यात तो शब्द नीट जुळवून म्हणाला, "तुम्हाला... त्रास."

"गप पड," ती म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात ताप चढला. तो कुठंतरी लांब निघून गेला होता. छताकडे बघून बोलायचा, तिला ओळखायचा नाही. एका दुपारी ती त्याचं तोंड पुसत होती तेव्हा त्यानं तिचं मनगट पकडलं. उजव्या हातात अजून गिरणीचा जोर होता.

"तू आलीस?" तो म्हणाला. आवाज अगदी साधा, लहानपणीचा. "किती उशीर केलास गं तू. ये, तू इथं बस, माझ्याजवळ."

त्सोनाच्या हातातलं फडकं खाली पडलं. ती पलंगाच्या काठावर बसली. 

"आले रे," ती म्हणाली. "आले मी."

"वेना," तो म्हणाला, "शेरडं आणलीस का सगळी? आई ओरडेल."

वेना त्याची धाकटी बहीण. अकराव्या वर्षी घटसर्पानं गेलेली.

त्सोना बसून राहिली. मनगट सोडवून घेता आलं असतं, तिनं सोडवलं नाही. "आणली," ती म्हणाली. "सगळी आणली. निज तू."

तो हसला आणि निजला. पुढचे दोन दिवस तो वेनाशीच बोलत होता, तू, तू म्हणत, आणि त्सोना वेना होऊन उत्तरं देत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी, ती चुलीत लाकूड सारायला उठली तेवढ्यात, तो गेला.

दान्का दुपारच्या बसनं आली. बापाच्या डोक्याशी उभी राहून पुष्कळ रडली. मग आईनं केलेला कॉफीचा पेला हातात घेऊन ती स्वयंपाकघरात बसली, आणि आईकडे न बघता विचारलं, "शेवटी तुझ्याशी काही बोलला का तो?"

"बोलला की," त्सोना म्हणाली.

"काय म्हणाला?"

त्सोनानं मुलीकडे पाहिलं. लहानपणी ज्या पायांत तिनं बूट घालून दिले होते त्यांना आता सूज होती, केसांत पांढरं दिसू लागलं होतं. ती ह्या वेळी विचारत होती. ऐकून घ्यायला बसली होती.

"पाणी मागितलं," त्सोना म्हणाली, आणि दारावर लावायचा दुखवट्याचा काळा कपडा शोधायला उठली.